नसण्याचा पुरावा : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि डीएनए दुरुस्तीची चाचणी

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो, ते पाहिलं. आज त्याच विषयाची दुसरी बाजू घ्यायची आहे. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असं म्हणता येतं का? आणि आजचं उदाहरण घडा-जमिनीचं नाही. ते आहे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाने डॉक्टरांच्या शेतात का शिरावं, असं काही जणांना वाटेल. त्याचं कारण व्याख्यानाच्या मध्यावर येईल.

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला की बायॉप्सी होते, बहुतेकदा ऑपरेशन होतं, आणि काढलेल्या भागाचा रिपोर्ट येतो. हल्ली त्या रिपोर्टच्या शेवटी कधी कधी चार ओळी असतात. एमएलएच-वन, पीएमएस-टू, एमएसएच-टू, एमएसएच-सिक्स. प्रत्येक नावापुढे ‘इंटॅक्ट’ किंवा ‘लॉस’ असा शब्द. घरचे लोक त्या ओळींपर्यंत पोचतच नाहीत. ते बघतात गाठ कितव्या स्टेजची, कडा स्वच्छ आहेत का, लिम्फ नोडमध्ये पसरली आहे का. साहजिक आहे. पण या चार ओळी रुग्णाबद्दल तर बोलतातच, शिवाय त्याच्या भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही बोलू शकतात.

आधी ही चार नावं कशाची ते समजून घेऊ.

आमच्या पिढीने खिळ्यांचा छापखाना पाहिलेला आहे. कम्पोझिटर हस्तलिखित समोर ठेवून एकेक खिळा जुळवायचा. चांगला कम्पोझिटर हाताखालची चूक तिथल्या तिथे सुधारायचा. तरी काही चुका राहायच्याच. मग प्रूफ काढायचं आणि ते मुद्रितशोधकाकडे जायचं. पेशी दुभंगताना जवळजवळ हेच होतं. प्रत्येक वेळी सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर नव्याने उतरवायचा, आणि पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. उतरवून घेणारं यंत्र, म्हणजे पॉलिमरेज, स्वतःच्या चुका स्वतः सुधारत जातं आणि साधारण एक कोटी अक्षरांमागे एक चूक ठेवतं. ऐकायला फार उत्तम वाटतं. पण हिशेब करा. एकेका दुभंगण्यात शेकडो चुका राहतील! म्हणून मागून दुसरा मुद्रितशोधक येतो. त्याचं नाव मिसमॅच रिपेअर, आपण ‘विजोड-दुरुस्ती’ म्हणू. तो आला की चुका आणखी शंभर ते हजार पटींनी कमी होतात.

यात एक प्रश्न आहे, आणि तो आम्हाला फार आवडतो. डीएनएच्या दोन धाग्यांवर समोरासमोर विजोड अक्षरं आली. आता खरं कोणतं आणि चुकलेलं कोणतं? दोघांत मतभेद असताना मूळ हस्तलिखित कोणाचं हे कळल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे नाणं उडवणं. अमेरिकेतले पॉल मॉड्रिक यांनी ई. कोलाय जंतूमध्ये हे कोडं उलगडलं. तिथे जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथाइल गटाच्या खुणा असतात. नवा धागा ताजा असल्याने काही काळ त्याला त्या खुणा नसतात. दुरुस्तीची यंत्रणा हे ओळखते आणि बिनखुणेचा धागा कापून दुरुस्त करते. म्हणजे बघा, तिथेही निर्णय होतो तो एका खुणेच्या नसण्यावरून. या कामासाठी मॉड्रिक यांना 2015 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल टोमास लिंडाल आणि अझीझ संजार यांच्याबरोबर मिळालं. माणसात खुणेची तऱ्हा वेगळी आहे, पण कामाची रीत तीच.

माणसात हे मुद्रितशोधक जोडीने काम करतात. एमएसएच-टू आणि एमएसएच-सिक्स ही जोडी चूक हुडकते. एमएलएच-वन आणि पीएमएस-टू ही जोडी पुढे येऊन चुकलेला तुकडा कापायची सोय करते. मग तेवढा भाग खाऊन टाकला जातो आणि नव्याने भरला जातो. ही जोड्यांची गोष्ट लक्षात ठेवा, रिपोर्ट वाचताना ती लागेल.

दुरुस्ती बंद पडली की चुका कुठे जास्त होतात? जिथे एकच अक्षर किंवा अक्षरांचा एकच छोटा गट पुन्हा पुन्हा येतो तिथे. सलग पंचवीस ‘अ’ जुळवायला सांगितले तर कम्पोझिटरचीही मोजणी चुकेल, चोवीस होतील नाहीतर सव्वीस. डीएनएतल्या अशा पट्ट्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. गाठीतल्या पट्ट्यांची लांबी बदललेली आढळली की दुरुस्ती बंद आहे, हे कळतं. ही झाली पीसीआरची चाचणी, एमएसआय. एकाच प्रश्नाकडे जाणाऱ्या या दोन वाटा. एमएसआय चुकांचा ढीग मोजते. आपल्या चार ओळींची चाचणी मुद्रितशोधक जागेवर आहे का ते बघते.

आता थोडा इतिहास. 1895 साली मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांची आपल्या घरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईशी गाठ पडली. ती उदास होती. म्हणाली, मी लवकर मरणार, पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने, आमच्या घरात सगळे असेच जातात. वॉर्थिन यांनी ही गोष्ट थट्टेवारी नेली नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि 1913 मध्ये प्रसिद्ध केली. ती बाई तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. पुढे 1960च्या दशकात ओमाहाचे हेन्री लिंच यांनी अशीच आणखी घराणी गोळा केली. तेव्हा ‘कर्करोग आनुवंशिक असतो’ असं म्हणणं बऱ्याच जणांना रुचत नव्हतं. 1993 मध्ये एमएसएच-टू हे जनुक सापडलं, पुढच्या वर्षी एमएलएच-वन. आणि वॉर्थिन यांच्या त्या घराण्यातही दोष एमएसएच-टू मध्येच निघाला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं अनुमान बरोबर होतं, फक्त तिच्याकडे हेतू सांगायला शब्द नव्हते. या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

आता चाचणीकडे. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात. त्याचे अगदी पातळ काप काचेवर घेतात आणि या चार प्रथिनांना चिकटणारी रंगीत द्रव्यं त्यावर सोडतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. नसेल तर निळसर राहतं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघतात आणि लिहितात : इंटॅक्ट, म्हणजे आहे. लॉस, म्हणजे नाही.

पण ‘रंग दिसला नाही’ यावरून ‘प्रथिन नाही’ असं कसं म्हणायचं? रंगच बिघडला असेल. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरला नसेल. इथे आपल्या मीमांसकांची आठवण येते. जमिनीवर घडा नाही हे ज्ञान कसं होतं, यावर त्यांनी शतकानुशतकं वाद घातला. कुमारिल भट्टांची परंपरा म्हणते, अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण आहे. प्राभाकर म्हणतात, नाही. नैयायिक म्हणतात, अभाव डोळ्यांनीच कळतो. तो वाद आज नको. पण एका अटीची सर्वांनाच गरज पडली : नुसतं न दिसणं पुरत नाही, वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धि म्हणतात.

आणि पॅथॉलॉजिस्ट नेमकं हेच करतात! त्याच काचेवर गाठीच्या पेशींच्या शेजारी रुग्णाच्या निरोगी पेशी असतात, लिम्फोसाइट असतात, आधारऊतीच्या पेशी असतात. त्या तपकिरी झाल्या पाहिजेत. त्या झाल्या आणि गाठीच्या झाल्या नाहीत, तरच ‘लॉस’ लिहायचं. दोन्हीकडे रंग नसेल तर दिवाच लागलेला नाही, चाचणी पुन्हा करा. लिंच सिंड्रोम असलेल्या माणसाच्या निरोगी पेशीही रंगतात, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. जन्मतः एक बिघडलेली असते, दुसरी काम रेटत असते. एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडते आणि तिथून गाठ सुरू होते.

आता ते कारण सांगतो, पुतणीची परवानगी घेऊन. आमच्या धाकट्या भावाचं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूची गाठ, दुसरी स्टेज, गाठी कोऱ्या. केमोची गरज नाही म्हणाले. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. रिपोर्ट आम्ही स्वतः वाचला होता. तिसऱ्या पानावर एमएसएच-टू आणि एमएसएच-सिक्स यांच्यापुढे ‘लॉस’ असं लिहिलेलं होतं. अनुपलब्धि हा विषय आम्ही तीस वर्षं शिकवला आणि त्या शब्दावरून डोळे पुढे गेले. डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेख नव्हता, कोणी बोललंही नाही. दोन वर्षांनी पुतणी मेडिक्लेमचे कागद लावत बसली होती. तिने विचारलं, “काका, सगळं बरोबर आहे तर हे ‘लॉस’ कशाचं?” आमच्या बहिणीची एकोणपन्नासाव्या वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगासाठी पिशवी काढली होती. आई ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली, नाव कळलं नाही. हे तिन्ही धागे त्या दुपारी पहिल्यांदा एका टेबलावर आले.

आता जोड्या आठवा. एमएसएच-टू गेलं की त्याचा जोडीदार एमएसएच-सिक्स एकटा टिकत नाही, तोही मोडतो. म्हणून दोन्हींपुढे लॉस. पण फक्त एमएसएच-सिक्सचं जनुक बिघडलं तर एमएसएच-टू राहतं, त्याला दुसरा जोडीदार मिळतो. तसंच एमएलएच-वन गेलं की पीएमएस-टू जातं, उलट होत नाही. म्हणून चार ओळी एकत्र वाचल्या की दोष बहुधा कुठे आहे ते सुचतं.

सुचतं म्हटलं, सिद्ध होतं म्हटलं नाही. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कर्करोगांत साधारण शंभरात पंधरा गाठींमध्ये ही दुरुस्ती बंद असते. पण लिंच सिंड्रोम असतो शंभरात तिघांनाच. मग उरलेले? बहुतेकांत एमएलएच-वन जनुक बिघडलेलं नसतं, वय वाढताना त्याच्या दारावर मिथाइलची कुलपं बसलेली असतात आणि ते वाचलंच जात नाही. हे त्या गाठीपुरतं असतं, मुलाबाळांत उतरत नाही. उतारवयातल्या स्त्रियांत, उजव्या बाजूच्या गाठींत हे अधिक दिसतं. म्हणून एमएलएच-वन आणि पीएमएस-टू यांच्यापुढे लॉस आला तर आधी गाठीतच बीआरएएफ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल किंवा ती मिथाइलची कुलपं तपासतात. ती सापडली तर आनुवंशिकतेची शक्यता फारच कमी. व्याप्ती एका दिशेची असते, उलटी वापरायची नाही, हे मागच्या वेळी सांगितलं होतं. लिंच असेल तर गाठीत बहुधा लॉस असतो. लॉस असला म्हणजे लिंच असतोच, असं नाही. हा घोटाळा आम्ही शिकलेल्या घरांतही पाहिला आहे, नुसत्या ‘लॉस’वरून मुलीला आजारी ठरवून मोकळे होतात.

उलट बाजूही सांगायला हवी. थोड्या रुग्णांत प्रथिन तयार होतं, रंगतं, पण काम करत नाही. घडा आहे, पण गळका. घराण्यात ठळक इतिहास असेल तर नुसत्या ‘इंटॅक्ट’वर थांबू नये, एमएसआय किंवा रक्ताची चाचणी विचारावी. आणि गुदाशयाच्या कर्करोगात ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन दिलेलं असेल, तर नंतरच्या तुकड्यात एमएसएच-सिक्सचा रंग फसवू शकतो. म्हणून उपचाराआधीच्या बायॉप्सीवर चाचणी करून घेणं बरं.

पूर्वी ही चाचणी निवडक लोकांचीच करत. 1990च्या ॲम्स्टरडॅम निकषांत तीन नातेवाईक, दोन पिढ्या, एकाचं वय पन्नासच्या आत, असा हिशेब होता. मोठ्या घराण्यांना तो ठीक. दोन मुलांच्या घरात तीन रुग्ण आणायचे कुठून? आणि आजी कशाने गेली हे आपल्याकडे कितीजण सांगू शकतील? अमेरिकेत ओहायोमध्ये 1,066 रुग्णांच्या गाठी सरसकट तपासल्या, तो अभ्यास 2005 साली आला. 23 जणांना लिंच निघाला. त्यातले दहा पन्नाशीच्या पुढचे होते आणि पाच जण कोणत्याच निकषात बसत नव्हते. म्हणून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2017 मध्ये सांगितलं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करा. आम्हाला हेच योग्य वाटतं. ब्लॉक तयारच असतो, रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

उपचारासाठीही हे चार शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या स्टेजमध्ये दुरुस्ती बंद असेल तर गाठ परतण्याचा धोका तुलनेने कमी असतो, आणि एकट्या फ्लुओरोयुरॅसिलच्या केमोचा फायदा दिसत नाही. भावाला केमो दिली नाही ती याच कारणाने असावी, म्हणजे कोणीतरी त्या ओळी वाचल्या होत्या! फक्त आम्हाला सांगितलं नाही.

पसरलेल्या रोगात गोष्ट आणखी बदलते. दुरुस्ती बंद म्हणजे हजारो चुका, म्हणजे चित्रविचित्र प्रथिनं, आणि त्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा अशा गाठीला परकी म्हणून ओळखते. गाठ मग तिला ब्रेक लावते. तो ब्रेक सोडवणारी औषधं म्हणजे इम्युनोथेरपी. 2017 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध कोणत्याही अवयवातल्या अशा गाठीसाठी मान्य केलं. अवयव न बघता फक्त दोष बघून दिलेली ती पहिलीच मान्यता. 2020 मध्ये 307 रुग्णांचा अभ्यास आला : रोग पुढे न सरकता गेलेला मध्यक काळ केमोवर 8.2 महिने, या औषधावर 16.5. आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली की गुदाशयाच्या अशा कर्करोगाच्या पहिल्या बारा रुग्णांना सहा महिने डोस्टार्लिमॅब दिलं आणि बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. आपल्याकडे तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘कर्करोगावर औषध सापडलं’ असे मथळे दिले. बारा रुग्ण, एकाच प्रकारचा दोष, हे वाक्य आत कुठेतरी होतं. औषधं महाग आहेत, आणि दुरुस्ती चालू असलेल्या गाठींवर त्यांचा सहसा उपयोग होत नाही. म्हणूनच आधी चार ओळी.

आता घराकडे परत. भावाच्या रक्ताची चाचणी झाली, एमएसएच-टूमध्ये दोष निघाला. एकदा घराण्यातला नेमका दोष कळला की बाकीच्यांची तपासणी सोपी होते, तेवढी एकच जागा बघायची. सख्खी भावंडं आणि मुलं यांना प्रत्येकी निम्मी शक्यता. म्हणजे आम्हालाही. आमची निघाली नाही. सत्तरीतल्या माणसाची सुटका झाली आणि तिशीतल्या पुतणीत दोष निघाला, याचा आनंद कसा मानायचा ते अजून कळलेलं नाही.

खरा प्रसंग त्याच्याआधीचा आहे. भाऊ म्हणाला, “दादा, मुलीचं लग्न ठरेपर्यंत हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. ताईच्या मुलांनाही सांगायचं नाही, तिथून सगळीकडे जाईल.” त्याचं भय खोटं नव्हतं. स्थळ मोडण्याचं भय आपल्या समाजात खरंच आहे. आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण त्या वेळी पुस्तकातलं एकही नाव मदतीला आलं नाही. माहिती कोणाची? चाचणी त्याच्या शरीराची, पण जो दोष सापडला तो त्याचा एकट्याचा नव्हता. तो आईकडून आला असावा, तसा तो ताईकडेही असेल आणि तिच्या मुलांकडेही. भावाने गप्प राहायचा हक्क मागितला, तेव्हा तो नकळत भाच्यांच्या वतीनेही गप्प बसत होता. आणि हे निव्वळ जाणून दुःखी होण्यासारखं ज्ञान असतं, तर आम्हीही गप्प बसलो असतो. पण इथे करण्यासारखं बरंच आहे. दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली की गाठ होण्याआधीच पॉलिप काढता येतो. एमएसएच-टू आणि एमएलएच-वनच्या दोषात ती साधारण पंचविशीपासून सुरू करतात. स्त्रियांना मुलंबाळं झाल्यावर गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्याचा विचार करता येतो. ब्रिटनमधल्या जॉन बर्न यांच्या 861 जणांच्या अभ्यासात रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पुढे आतड्याचे कर्करोग कमी झाले. अर्थात ते डॉक्टरला विचारूनच, स्वतःच्या मनाने नाही.

शेवटी निर्णय पुतणीनेच केला. म्हणाली, “बाबा, स्थळाला मी स्वतः सांगेन. पण आत्याकडे आज फोन करा.” फोन झाला. तिची पहिली कोलोनोस्कोपी झाली, एक पॉलिप निघाला आणि तिथेच काढला गेला. पुतण्याने अजून चाचणी केलेली नाही. विषय काढला की उठून जातो. न जाणण्याचा त्याचा हक्क आम्ही मानतो, आणि दर दिवाळीला एकदा विचारतोही.

वेळ झाली आहे, दोनच प्रश्न घेऊ.

एका बाईंनी विचारलं आहे, चाचणी आनुवंशिक निघाली तर कर्करोग होणारच का? नाही. धोका वाढतो, किती वाढतो ते कोणतं जनुक आहे यावर ठरतं. एमएसएच-टू आणि एमएलएच-वनमध्ये जास्त, पीएमएस-टूमध्ये बराच कमी. म्हणून ‘लिंच निघाला’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या जनुकात ते लिहून घ्या, आणि जेनेटिक समुपदेशकाला भेटा.

दुसरा प्रश्न, वडील चार वर्षांपूर्वी गेले, चाचणी झाली नव्हती, आता काही करता येईल का? येईल, ब्लॉक जपलेला असेल तर. ब्लॉक किती वर्षं ठेवायचे याचे प्रत्येक रुग्णालयाचे नियम वेगळे आहेत. पॅथॉलॉजी विभागात जा, रिपोर्टवरचा नमुना क्रमांक सांगा आणि ब्लॉक मागा. रिपोर्ट सापडत नसेल तर मेडिक्लेमच्या फायलीत बघा, आम्हाला तिथेच मिळाला.